‘येतो’ या शब्दाचं व्याकरण

ईरा, गेल्या सप्टेंबरात एका पहाटे मी तुझ्या बाबाच्या मोबाइलवर फोन केला होता, आठवतं? बाबा झोपला होता, फोन स्वयंपाकघरात चार्जिंगला होता आणि तू पोहायच्या प्रॅक्टिसला निघाली होतीस, म्हणून तूच उचललास. तुमच्याकडे सनीव्हेलला पावणेपाच वाजले होते, आमच्याकडे दुपारचे पावणेदोन. तू म्हणालीस, “आजी? व्हॉट हॅपन्ड?” मी म्हणाले, “काही नाही गं, सहज केला. इथे छान पाऊस पडतोय, तुला ऐकवावा म्हटलं.” तू हसलीस. “आजी, यू आर सो वीअर्ड. आजोबांना दे ना.” मी म्हणाले, “बाथरूमला गेलेत. येतीलच.”

त्यातलं पावसाचं तेवढं खरं होतं. तुझे आजोबा कुठे होते हे मला ठाऊक नव्हतं. त्यांना शेवटचं पाहून पंचावन्न मिनिटं झाली होती. त्यांच्या अंगात इन्शुलिन गेलेलं होतं आणि पोटात अन्नाचा कण नव्हता. त्यांचा फोन, पासपोर्ट, साखर उतरली की चघळायच्या ग्लुकोजच्या गोळ्या, हॉटेलचा पत्ता, सगळं माझ्या खांद्यावरच्या पिशवीत होतं. अमेरिकेला येण्याआधी पुण्यात शाळेतल्या मुलींना इंग्रजी शिकवताना मी खोटेपणाची शिक्षा कधी माफ केली नाही. तीच मी सातासमुद्रापलीकडे एका पुलावर उभी राहून नातीशी खोटं बोलत होते. ते तुला सांगायचं राहिलं आहे, म्हणून हे लिहिते. रविवारच्या मराठी शाळेमुळे तुला हळूहळू वाचता येईल. तुझ्या धाकट्या भावाला, रोहनला, वाचून दाखव. अडेल तिथे बाबाला विचार. त्याला आता सगळं माहीत आहे.

तेव्हा त्याला माहीत नव्हतं, आणि ते मीच होऊ दिलं नव्हतं. त्याआधी वर्षभर आजोबांना विसर पडू लागला होता. चाळीस वर्षं अमेरिकेत, इथे पार्सिपनीत राहिलेला माणूस भाजी आणायला निघाला आणि भलत्याच एक्झिटला उतरून दीड तासाने घरी आला. एकदा एकाच सकाळी दोनदा आंघोळ केली. मी कोणाला काही बोलले नाही. बाबाला कळलं असतं तर तो पुढच्याच विमानाने आला असता आणि आमचं घर गुंडाळून आम्हाला तिकडे घेऊन गेला असता. त्यापेक्षा मी माझ्या पद्धतीने बंदोबस्त केला. गोळ्यांच्या डब्यांवर वार लिहिले, किल्ल्या माझ्याकडे घेतल्या, दिवसाचा कागद करून फ्रीजवर लावला. रोहन, तू ज्याला ‘आजीज गव्हर्नमेंट’ म्हणतोस ते सरकार तेव्हापासून फार कडक झालं.

साल्झबर्गला जायचा हट्ट आजोबांचा. ते मिरजेचे, तंतुवाद्यं करणाऱ्या कारागिरांच्या गल्लीत वाढलेले. भोपळे कोरण्याचा आवाज, सरसाचा वास आणि दिवसभर कोणीतरी लावत बसलेला तंबोरा, यात त्यांचं लहानपण गेलं. पुढे इंजिनियर होऊन अमेरिकेत आले तेव्हा गाडीत एक कॅसेट आपल्या गाण्याची आणि एक पाश्चात्त्य व्हायोलिनची, अशी आळीपाळीने लावायचे. ऑस्ट्रियातल्या त्या छोट्या गावात डोंगर अगदी घरांच्या मागे उभे असतात आणि रोज संध्याकाळी कुठे ना कुठे मैफल असते, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. “डोकं शाबूत आहे तोवर एकदा ऐकून येऊ,” असं ते हसत म्हणाले. मी नाही हसले. मी फाइल केली. प्रत्येक दिवसाचा एक कागद, प्लास्टिकच्या पाकिटात.

आता देवाबद्दल खरं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आपल्या स्वयंपाकघरात फ्रीजशेजारी दत्ताची तसबीर आहे, ती आजोबांची. सकाळी चहाआधी ते तिच्यासमोर माळ घेऊन बसतात. मी उदबत्ती लावते, नमस्कार करते, पण माझा नमस्कार म्हणजे शाळेतली हजेरी होती. देव असेल तर त्याने त्याचं काम करावं, मी माझं करते, असा माझा हिशेब. एकदा मी त्यांना म्हणालेसुद्धा होते, “अहो, नाव घेऊन विसर थांबणार आहे का?” ते म्हणाले, “थांबायला कशाला हवा? सगळं विसरलो तरी एवढं राहील, म्हणून आत्तापासून घोकतोय. तुझ्या पाढ्यांसारखं.”

आणि आमचं एक जुनं भांडण होतं. घरातून निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जाणाऱ्याने परत यावं म्हणून. ऐकणाऱ्याने उत्तरात ‘या’ म्हणायचं असतं. तुम्हाला हे माहीतच आहे, कारण आजोबा हे इंग्रजीतही करतात. बँकेतून निघताना, दवाखान्यातून निघताना, पोस्टाच्या माणसाचा निरोप घेताना मान हलवून म्हणतात, “ओके, आय ॲम कमिंग!” समोरचा गोंधळतो. मी चाळीस वर्षं दुरुस्त करत आले. “अहो, ‘लीव्हिंग’ म्हणा. ‘कमिंग’ म्हणजे तो वाट बघत बसेल.” त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर, “बसू दे की. ‘लीव्हिंग’ कसलं अभद्र! तुझ्या व्याकरणाला काय कळतंय?”

त्या दिवशी सकाळपासून पाऊस होता. डोंगर पाहायला गेलो आणि तीन दिवस नुसते ढग पाहिले. वरचा किल्ला अर्धा दिसायचा, अर्धा पुसल्यासारखा. कागदावर पाऊण वाजता जेवण लिहिलं होतं, म्हणून जुन्या गावातल्या एका बोळात लोखंडी हरणाची पाटी असलेल्या खानावळीत शिरलो. सूप मागवलं. वाढणारी मुलगी म्हणाली, आज गर्दी आहे, थोडा वेळ लागेल. आमच्या डॉक्टरांनी बजावलेलं आहे की ताट समोर आल्याशिवाय इंजेक्शन घ्यायचं नाही. पण घड्याळात पाऊण वाजला होता आणि माझ्या कागदावरही पाऊणच होता. मी म्हणाले, “घ्या आता. वेळ झाली.” त्यांनी मुकाट्याने घेतलं. माझ्या नीटनेटकेपणाचा मला इतका अभिमान होता, मुलांनो, की समोर ताट नाही हे मला दिसलंच नाही.

पाच मिनिटांनी ते उठले. “येतो गं,” म्हणाले. मी संध्याकाळच्या मैफलीच्या जागेचा रस्ता नकाशात शोधत होते. मान वर केली नाही. ‘या’ म्हणाले नाही.

सूप आलं तेव्हा एक वाजून पाच मिनिटं झाली होती. मी बाथरूमपाशी गेले, दारावर टकटक केली. आत कोणी नव्हतं. पलीकडे एक मागचं दार होतं, ते अंगणात उघडत होतं आणि अंगणातून एक कमानीचा बोगदा दुसऱ्याच बोळात जात होता. त्या गावातली जुनी घरं तशीच आहेत, एका रस्त्याने आत शिरावं आणि दुसऱ्याने बाहेर पडावं. मी त्या बोळात जाऊन दोन्ही बाजूंना पाहिलं. ओले दगड आणि छत्र्या. प्रत्येक छत्रीखाली दुसरंच कोणीतरी.

वाढणाऱ्या मुलीने लगेच पोलिसांना फोन लावला आणि मला विचारलं, “त्यांनी काय घातलंय?” आणि मला आठवेना. सकाळी कपडे मीच काढून ठेवले होते. निळा स्वेटर की तपकिरी? गेलं वर्षभर त्यांच्या विसराच्या नोंदी ठेवणारी मी, मला माझ्या नवऱ्याच्या अंगावरच्या स्वेटरचा रंग सांगता येत नव्हता. “उंच आहेत,” एवढंच मी म्हणाले. “चष्मा आहे. त्यांना साखर हवी आहे. लवकर.”

मग मी धावले. या वयात धावणं म्हणजे काय ते सोडून द्या. औषधांच्या दुकानात विचारलं, दोन चर्चमध्ये बाकांच्या रांगा पाहिल्या, चौकात घोडागाडीवाल्याला हातवारे करून विचारलं. सारखी घड्याळाकडे पाहत होते. साखर उतरायला लागली की आधी त्यांना घाम फुटतो, मग बोलणं तुटतं, मग ते बसतील तिथे बसतात. विसराळू माणसाची साखर उतरली तर लोकांना काय दिसणार? एक म्हातारा पायरीवर बसलाय, एवढंच. पाय भरून आले तेव्हा मी नदीवरच्या पुलावर होते. खाली पाणी पावसाने फुगलेलं, राखी रंगाचं, जोरात वाहत होतं. मी कठड्यावरून खाली पाहिलं आणि का पाहिलं ते माझं मलाच कळलं तशी मागे सरकले. तेव्हा मी बाबाला फोन लावला. सगळं सांगून टाकायचं ठरवून लावला होता. आणि उचललास तू, झोपेतून नुकत्याच उठलेल्या आवाजाची.

तुला काय सांगणार होते? तू विचारलंस आणि मी म्हणाले, “येतीलच.” तू म्हणालीस, “ओके, लव्ह यू, बाय,” आणि फोन बंद झाला.

तो शब्द माझ्या कानात राहिला. मी जन्मभर वाक्यं सोडवलेली बाई. क्रियापद ऐकलं की कर्ता कोण ते शोधायची सवय. ‘येतील.’ कर्ता कोण? ते. त्या वाक्यात मी कुठेच नव्हते. वर्षभर मी आमच्या घरातल्या प्रत्येक वाक्याची कर्ता होऊन बसले होते; मी देते, मी ठेवते, मी सांभाळते, मी सांगितल्याशिवाय काही व्हायचं नाही. आणि ते तर मला जाताना सांगून गेले होते, ‘येतो’ म्हणून. जो येतो म्हणून जातो तो जिथून उठला तिथेच यायचा. तिथे आत्ता कोणी नव्हतं. थंड सुपाच्या दोन वाट्या होत्या. ‘या’ म्हणायचं माझं काम होतं, तेवढंच माझं होतं, आणि मी ते टाकून गावभर धावत होते.

मी वळले आणि परत गेले. याला अनुभव म्हणावं की नुसता थकवा, मला माहीत नाही. एवढं खरं की वळताना माझी खात्री वगैरे काही पटलेली नव्हती. पोलिसांनाही शोधायला मदत करावी, आणखी चार बोळ पाहावेत, असं डोकं ओरडून सांगत होतं. खुर्चीवर जाऊन नुसतं बसणं हे त्या दिवशीचं सर्वांत अवघड काम होतं. मी बसले. पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. हात जोडायचंही सुचलं नाही. मनात एवढंच आलं, ‘महाराज, मला आता काही करता येत नाही. तुम्हीच बघा.’ आयुष्यात पहिल्यांदा मी देवाला कसं बघायचं ते न सांगता काहीतरी त्याच्या हातात दिलं.

दहा मिनिटांनी मागचं दार उघडलं. आधी एक कुत्रं आत आलं, तपकिरी, म्हातारं, चांगलंच जाडं, आणि ओलं. त्याच्या मागून सुतारासारखा जाड एप्रन घातलेली, पिकल्या केसांची एक बाई. आणि तिच्या दंडाला धरून तुमचे आजोबा. (स्वेटर तपकिरी होता.)

“अगं, सूप आलं का?” त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, “कुठे होतात तुम्ही?”

“असं काय करतेस? येतो म्हणालो होतो ना!”

त्या बाईचं नाव मार्था. पलीकडच्या बोळात तिचं व्हायोलिन दुरुस्तीचं दुकान. तिने मला सगळं सांगितलं, तसंच लिहिते. आजोबा अंगणात गेले तेव्हा तिच्या दुकानातून तार लावण्याचा आवाज येत होता. त्या आवाजामागे ते तिच्या दारात जाऊन उभे राहिले. आत सरसाचा वास होता. ते तिला मिरजेबद्दल सांगू लागले, तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुताचा बारीक धागा सरकवून जवारी कशी काढतात, आवाजाला झंकार कसा आणतात, ते हातांनी करून दाखवू लागले. तिला ते फार आवडलं. मग एकदम त्यांना काहीतरी आठवलं, बहुधा मीच, आणि ते निघाले. निघताना मान हलवून म्हणाले, “ओके, आय ॲम कमिंग.”

“ते येतो म्हणाले,” मार्था मला म्हणाली, “म्हणून मी चहाचं पाणी ठेवलं.”

पाणी उकळलं तरी ते आले नाहीत. “एरवी कोणी दुकानातून गेलं तर मी कशाला बघायला जाते? जातो म्हणाले असते तर मी दार लावून कामाला लागले असते. पण ते येतो म्हणाले होते आणि कप मांडलेला होता. मला चैन पडेना.” तिने कुत्र्याला घेतलं आणि शोधायला निघाली. दोन बोळ पलीकडे एका कमानीखाली ते पायरीवर बसलेले सापडले, घामाने भिजलेले, स्वेटरला नसलेली बटणं लावत. तिने त्यांना उठवून दुकानात नेलं. चहात साखर घालू लागली तर त्यांनी कपावर हात ठेवला. “नो शुगर. माय वाइफ इज व्हेरी स्ट्रिक्ट.”

हे ऐकून खानावळीतली ती मुलगी हसली, मार्था हसली, आजोबाही हसले. मी हसले नाही. ज्या क्षणी साखरेने त्यांचा जीव वाचणार होता त्या क्षणीही त्यांना माझी आज्ञा आठवत होती.

“मग मी काही बोलले नाही,” मार्था म्हणाली, “मध घातला. तीन चमचे. मधाला ते नाही म्हणाले नव्हते.” थोड्या वेळाने त्यांची नजर ठिकाणावर आली. तिने विचारलं, बायको कुठे आहे? ते म्हणाले, “लोखंडी हरीण.” आणि पुढे म्हणाले, “घाई नको. ती तिथून हलायची नाही. मी येतो म्हणून आलोय.”

मी हलले होते. तासाचा बराच भाग मी हललेलीच होते. ते आले तेव्हा जागेवर नसते, तर त्यांनी त्या रिकाम्या खुर्चीकडे पाहून काय समजूत करून घेतली असती, हा विचार मी अजूनही पुरता करू शकत नाही.

मी त्यांची साखर तपासली, पोलिसांना कळवलं, त्यांना गरम सूप आणि पाव खायला घातला. संध्याकाळच्या मैफलीला आम्ही गेलो नाही. जाण्याचं त्राण नव्हतं. त्याऐवजी मार्थाच्या दुकानात जाऊन बसलो. तिने एका दुरुस्त झालेल्या व्हायोलिनच्या मोकळ्या तारेवर लांब, सावकाश गज ओढला, सूर लागलाय का बघायला. आजोबांनी डोळे मिटून त्यावर ‘सा’ लावला. ती थांबली नाही, तेही थांबले नाहीत. कुत्रं त्यांच्या पायाशी झोपलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ढग उघडले आणि डोंगर दिसले, बर्फाच्या पहिल्या रेघेसकट. पण मला विचाराल तर त्या प्रवासात मी पाहिलं आणि ऐकलं ते आदल्या दिवशी, त्या दुकानात.

ईरा, तू नक्की विचारशील म्हणून आत्ताच सांगते. आपल्या तसबिरीत दत्ताच्या पायाशी चार कुत्री आहेत. हे एकच होतं, आणि जाडं होतं. मार्था ही मार्थाच होती; ती आमच्या पत्रांना उत्तर पाठवते आणि तिचे गुडघे दुखतात. मी कोणाला काही सिद्ध करून दाखवत नाही. मी एवढंच जाणते की ज्या चुकीला मी चाळीस वर्षं लाल शाई लावली त्या चुकीच्या बोटाला धरून ते परत आले, आणि माझं शुद्ध इंग्रजी, माझी फाइल, माझं घड्याळ यांतलं काहीही त्यांना आणू शकलं नाही. कृपा आली ती मी आखलेल्या रस्त्याने आली नाही. मागच्या दाराने आली, भिजून.

पार्सिपनीला परतल्यावर त्याच आठवड्यात मी बाबाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “आई, एकटीने कशाला ओढलंस?” मी फोनवरच रडले. साखरेच्या गोळ्या आता आजोबांच्या खिशात असतात, गळ्यात पत्त्याचा बिल्ला असतो, आणि माळ तर होतीच. फ्रीजवरचा कागद मी काढून टाकला नाही, तेवढी मी बदलले नाही. पण त्याच्या वेळांपुढे आता पेन्सिलीने ‘सुमारे’ लिहिलेलं असतं.

विसर वाढतोय, मुलांनो. पुढच्या वेळी आलात तर तुमची नावं सांगताना त्यांना अडखळायला होईल. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आपणहून नाव सांगा. साल्झबर्गला गेलो होतो हे त्यांना कधी आठवतं, कधी नाही. सकाळी तसबिरीसमोर मात्र बसतात. मीही शेजारी बसते, न मोजता.

मागच्या मंगळवारी त्यांच्या मेंदूचा एमआरआय होता. तपासणी करणाऱ्या बाईने त्यांना चाकाच्या खुर्चीत बसवलं, त्यांचा चष्मा काढून माझ्या हातात दिला. पुढे ते दार होतं, त्यापलीकडे मला जायला परवानगी नव्हती. आजोबा घाबरले होते. त्यांनी खुर्ची थांबवायला लावली, मागे वळून माझ्याकडे पाहिलं आणि त्या बाईला समजावं म्हणून इंग्रजीत म्हणाले, “ओके. आय ॲम कमिंग.”

ती गोंधळून हसली. “नो सर, यू आर गोइंग!”

पिशवी खाली ठेवून मी उठून उभी राहिले. या वेळी मान वर होती.

मी म्हणाले, “या.”